साडीचा अर्थ : जोगता, तृतीयपंथी आत्मकथन आणि मुक्तीची मराठी कल्पना

प्रास्ताविक

पुरुषदेहाने साडी नेसणे ही गोष्ट मराठी समाजाला अपरिचित नाही. भारुडातील सोंगे, तमाशातील नाच्या, संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट आणि यल्लम्माचा जोगता अशी तिची दीर्घ परंपरा आहे. बालगंधर्वांच्या वेशभूषेचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रिया करीत असत, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. हे सांगणारा माणूसच लोकलच्या डब्यात टाळी वाजली की खिडकीबाहेर पाहू लागतो. रंगभूमीवरची साडी प्रयोग संपल्यावर उतरते, म्हणून ती कला ठरते. जी उतरत नाही ती विकृती, शाप अथवा अंधश्रद्धा ठरते. या दोन साड्यांतील अंतर वस्त्राचे नसून तिचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे याचे आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महाराष्ट्रात तृतीयपंथीयांच्या समान हक्कांसाठी जी तळागाळातील चळवळ उभी राहिली, तिने हा अधिकारच मागितला. मराठी साहित्याने आणि चित्रपटाने या मागणीला कसा प्रतिसाद दिला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. सुधारणावादी परंपरेने 'मुक्ती'ची जी कल्पना मराठी मनात रुजवली, तिला ही मागणी सहजासहजी ऐकू आली नाही, असे या शोधात दिसून येते. ही परंपरा ज्यांच्या बाजूने उभी राहिली त्यांनाही तिने अनेकदा स्वतःच्याच मापाने मोजले.

'भंडारभोग'पासून 'जोगवा'पर्यंत

राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या दोन कादंबऱ्यांनी यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या माणसांचे जग मराठी कादंबरीत आणले. पहिलीच्या केंद्रस्थानी जोगतीण आहे, तर दुसरीच्या केंद्रस्थानी जोगता. गडहिंग्लज-निपाणी परिसरात १९७० च्या दशकात देवदासी-निर्मूलनाची जी चळवळ उभी राहिली, तिच्याशी गवस यांचे जवळचे नाते होते. त्यामुळे या कादंबऱ्यांतील जोगवा, परडी, भंडारा आणि जट हे तपशील केवळ लोकसंस्कृतीचे नमुने म्हणून येत नाहीत. केसांत जट आली की देवीचे बोलावणे आले असे मानणारे गाव, त्या बोलावण्याने मोडणारे गरीब घर आणि सोडलेल्या माणसाचा हवा तसा उपयोग करून घेणारे गावातील प्रतिष्ठित यांचा परस्परसंबंध गवस नेमका दाखवतात. देवीला वाहिली जाणारी मुले प्रामुख्याने दलित व कष्टकरी घरांतीलच का असतात, हा प्रश्न त्यांच्या लेखनातून सतत पुढे येतो.

या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर आधारित, राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' हा चित्रपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला अनेक राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तायाप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. साडी नेसवलेल्या शरीराचा अवघडलेपणा, चालण्यातील लाज आणि गावाच्या नजरेचा जाच लिमये यांनी ज्या संयमाने उभा केला, तो आजही पाहण्यासारखा आहे. अनिष्ट प्रथेविरुद्धचा चित्रपट म्हणून 'जोगवा'चे मोल वादातीत आहे.

प्रश्न निर्माण होतो तो त्याने दाखवलेल्या सुटकेविषयी. तायाप्पा मनाने व इच्छेने पुरुष आहे. साडी त्याच्यावर लादलेली आहे. सुली आणि तो एकमेकांवर प्रेम करतात, देवीचे बंधन झुगारतात आणि त्या क्षणी तो 'पुन्हा' पुरुष होतो. प्रेक्षकाची सहानुभूती अशा रीतीने एका हमीवर उभी आहे. साडीच्या आत खराखुरा पुरुष आहे, ही ती हमी होय. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील 'नटरंग' (२०१०) हा चित्रपट अवघ्या काही महिन्यांनी आला. त्याचा नायक गुणा हा मुळात पैलवान, घरसंसार असलेला माणूस. कलेच्या वेडापायी तो नाच्या होतो. त्याच्यावरील अत्याचाराचे दृश्य प्रेक्षकाला हादरवते, कारण ते एका 'मर्दा'वर झालेले असते. हाच प्रसंग मनाने स्त्री असलेल्या नाच्यावर गुदरला असता तर प्रेक्षागृहात तीच शांतता पसरली असती काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

जोगत्यांच्या जथ्यात असेही लोक असतात, ज्यांना साडी लादलेली वाटत नाही. घराने हाकललेल्या, शाळेत टिकू न शकलेल्या, 'बायल्या' म्हणून हिणवलेल्या मुलाला जोगतेपणात प्रथमच नाव, सोबत आणि थोडाफार मान मिळतो. हा मानही भाकरीइतकाच तुटपुंजा आणि भीतीमिश्रित असतो, हे खरे. पण तो अन्यत्र कोठेच नसतो. 'जोगवा'च्या कथेत अशा व्यक्तीसाठी सुटकेची वाट नाही. ती पार्श्वभूमीला राहते; नायकाच्या दुःखाची गडद छटा म्हणून.

येथे एक आक्षेप संभवतो व तो गांभीर्याने घ्यावा लागेल. सक्तीचे समर्पण हे वास्तव आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २००५ चा कायदा केला, तो आवश्यकच होता. अजाण मुलाच्या गळ्यात दर्शन बांधणे याला कोणीही निवड म्हणणार नाही. मात्र 'हे कोणी लादले?' हा एक प्रश्न आहे आणि 'हे कोणाला हवे आहे?' हा दुसरा. सुधारणावादी परंपरेने पहिला प्रश्न धैर्याने विचारला. दुसरा तिला सुचला नाही, कारण साडी हवीशी वाटणारा पुरुषदेही मनुष्य तिच्या विवेकवादात बसत नव्हता.

यल्लम्माच्या परंपरेतूनच आलेल्या कर्नाटकातील मंजम्मा जोगती यांचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. जोगती नृत्याच्या कलावंत म्हणून त्यांनी नाव मिळवले. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांना २०२१ चा पद्मश्री पुरस्कार मिळाला. राष्ट्रपती भवनात सन्मान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी साडीच्या पदराने तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची दृष्ट काढल्यासारखी खूण केली. ज्या पदराला सुधारकांनी केवळ बेडी मानले, तोच तेथे आशीर्वादाचे साधन झाला. म्हणून समर्पणाची प्रथा निर्दोष ठरत नाही. मात्र एकाच वस्त्रात बंधन आणि स्वत्व दोन्ही असू शकतात, हे मान्य केल्यावाचून या विषयाची समीक्षा पुढे सरकत नाही.

वेषाचा गुन्हा

स्त्रीवेषाचा अर्थ परस्पर ठरवण्याचे काम केवळ साहित्याने केलेले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग हिजड्यांविषयी होता. मुख्यतः उत्तर भारतात राबवल्या गेलेल्या या तरतुदींनुसार संशयितांची नोंदवही ठेवली जाई. नोंद झालेली व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसली अथवा नाचली-गायली, तर तिला वॉरंटाशिवाय अटक करता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. साडी हाच पुरावा व साडी हाच गुन्हा. हा इतिहास वसाहतकाळातच संपला असे समजण्याचे कारण नाही. २०११ मध्ये कर्नाटक पोलीस कायद्यात ३६अ हे कलम घालून हिजड्यांच्या नोंदवहीची तरतूद पुन्हा करण्यात आली. संघटनांनी न्यायालयात दाद मागितल्यानंतर त्यातील तो शब्द पुढे काढण्यात आला.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या समूहाकडे प्रथम पाहिले ते एचआयव्हीच्या साथीमुळे. मुंबईतील दाई वेल्फेअर सोसायटी, गौरी सावंत यांची 'सखी चार चौघी' आणि बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट यांच्या कामाचा मोठा भाग लैंगिक आरोग्याशी निगडित राहिला. निरोध वाटणारा कार्यकर्ता हळूहळू रेशनकार्डासाठी अर्ज लिहू लागला, पोलीस चौकीत बसू लागला, रुग्णालयात पुरुषांच्या कक्षात ठेवायचे की स्त्रियांच्या या वादात पडू लागला. या चळवळीचा पाया असा अर्जाच्या रकान्यांत घातला गेला. त्यात नाट्य नाही. कदाचित त्यामुळेच मराठी कथा-कादंबरीला तिची चाहूल उशिरा लागली.

'मी' कोणाचा?

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ मध्ये मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. पुढे २०१५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. एखाद्या भारतीय तृतीयपंथी कार्यकर्तीचे आत्मकथन मुळात मराठीतून यावे आणि नंतर इंग्रजीत जावे, ही घटना मराठीच्या दृष्टीने लहान नाही. शीर्षकातच शिवी स्वतःहून उच्चारली आहे आणि तिच्या शेजारी देवतेचे नाव ठेवले आहे. 'दलित' हा शब्द ज्या त्वेषाने १९७० च्या दशकात स्वीकारला गेला, त्याची येथे आठवण होते.

या आत्मकथनाचे खरे सामर्थ्य घराच्या चित्रणात आहे. ठाण्यातील उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबातील थोरला मुलगा हिजडा समाजात जातो आणि कुटुंब त्याला घराबाहेर काढत नाही. घरी मुलगा, बाहेर लक्ष्मी अशी दुहेरी वस्ती, आईवडिलांचा क्लेश आणि त्यातूनही न तुटलेला जिव्हाळा यांचे वर्णन करणारी पाने रूढ कल्पनेला तडा देतात. बालपणीच्या लैंगिक शोषणाविषयी लेखिका ज्या स्पष्टतेने बोलतात, तीही मराठीत दुर्मीळ आहे. २००५ मधील डान्सबारबंदीला त्यांनी केलेला विरोधही असाच वेगळा: 'संस्कृतिरक्षणा'च्या गदारोळात बारबालांच्या पोटाचा प्रश्न त्यांनी विचारला.

उत्तरार्धात मात्र कथनाचा सूर बदलतो. परदेशातील परिषदा, दूरचित्रवाणी, संयुक्त राष्ट्रसंघ अशी यशाची मालिका सुरू होते आणि समूह मागे पडतो. याचे एक कारण शब्दांकन या प्रकारातच असावे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) किंवा 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने त्या-त्या लेखकांनी स्वतः लिहिली; भाषेशी झगडणे हा त्यांच्या अनुभवाचाच भाग होता. शब्दांकनात हा झगडा मधला माणूस पार पाडतो. मराठीत याला पूर्वपरंपरा आहे: हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. तेथे सांगणारीच्या बोलण्यातील तुटकपणा बराच टिकला आहे. लक्ष्मींच्या पुस्तकात वृत्तपत्री सफाई जास्त आहे. ओघवतेपणा हा वाचकाचा लाभ आहे, अभ्यासकाची अडचण. हिजडा समाजाची सांकेतिक बोली, गुरू-चेला संबंधातील आज्ञा आणि तक्रारीची भाषा, घराण्यांतील निवाड्यांचे वळण हे सारे येथे माहितीच्या रूपाने येते, बोलीच्या रूपाने नाही.

तमिळ लेखिका ए. रेवती यांच्या वाटचालीशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. बेंगळुरूच्या 'संगम' या संस्थेत काम करताना रेवती यांनी प्रथम इतर हिजड्यांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये तमिळमध्ये पुस्तक केले. स्वतःची जीवनकथा त्यानंतर, २०१० मध्ये व्ही. गीता यांच्या अनुवादातून इंग्रजीत आली. आधी इतरांचे ऐकणे, मग स्वतःचे सांगणे असा हा क्रम आहे. त्यांच्या आयुष्याचा काही काळ मुंबईतील हिजड्यांच्या वस्तीत गेला आणि त्या मुंबईत व्यासपीठे नाहीत; गिऱ्हाईक, गुंड आणि पोलीस आहेत. एकाच महानगराची ही दोन चित्रे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. दोन्ही खरी आहेत, परंतु त्यांच्यामध्ये जात, वर्ग आणि इंग्रजी भाषा उभी आहे.

जातीचा हा प्रश्न मराठीत दिशा पिंकी शेख यांनी उघडपणे मांडला. भटक्या समाजातून आलेल्या या कवयित्री-कार्यकर्तीचा 'कुरूप' हा कवितासंग्रह आणि त्यांची भाषणे यांतून तृतीयपंथी हा एकजिनसी समूह नसल्याचे भान येते. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. याउलट २०१५-१६ नंतर लक्ष्मी त्रिपाठी यांची वाटचाल किन्नर आखाड्याच्या महामंडलेश्वरपदाकडे झाली आणि २०१८ मध्ये राममंदिराला त्यांनी दिलेल्या पाठिंब्यावर चळवळीतील अनेकांनी जाहीर असहमती नोंदवली. एका आत्मकथनाला समूहाचा आवाज मानण्याची घाई मराठी समीक्षेने केली होती. या मतभेदाने ती उघडी पाडली.

अर्जाचा रकाना

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे, असा निर्देश दिला. लक्ष्मी त्रिपाठी या प्रकरणात हस्तक्षेपकर्त्या होत्या. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्याखाली देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली होती. भीतीपोटी खरी ओळख न सांगणारे किती असतील याचा विचार करता हा आकडा किमान मर्यादाच समजावा लागतो. आरक्षणाच्या निर्देशाने मात्र नवा पेच निर्माण केला: दलित वा भटक्या जातीतील तृतीयपंथी व्यक्तीने मूळ जातीचा हक्क सोडावा काय? तमिळनाडूतील ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित कार्यकर्त्यांनी समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली ती यामुळे. कर्नाटकाने २०२१ मध्ये असे १ टक्का आरक्षण लागू केले.

संसदेने २०१९ मध्ये जो कायदा केला, त्याने स्वयंनिर्णयाचा उच्चार केला खरा, पण ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची आणि स्त्री अथवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा दाखला आणण्याची अट घातली. लैंगिक अत्याचारासाठी त्यात ६ महिने ते २ वर्षे एवढीच शिक्षा ठेवण्यात आली. स्त्रीवरील बलात्कारासाठी तेव्हाच्या कायद्यात किमान १० वर्षांची शिक्षा होती. या विषमतेवर संघटनांनी बोट ठेवले ते योग्यच होते. साडीच्या आत काय आहे हे पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची 'जोगवा'च्या प्रेक्षकाची सवय येथे कायद्याच्या कलमात उतरलेली दिसते.

महाराष्ट्रातील पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात २०२२ पर्यंत स्त्री व पुरुष हे दोनच रकाने होते. तृतीयपंथी उमेदवारांनी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, शासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिसरा रकाना देण्यास तयार झाले. शारीरिक चाचणीचे निकष २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत ठरवण्याचेही मान्य करण्यात आले. धावण्याचे अंतर किती आणि गोळा किती वजनाचा, असे हे प्रश्न. नागरिकत्वाचा लढा इतक्या साध्या तपशिलांवर अडतो, हे कोणत्याही आत्मकथनापेक्षा या कागदपत्रांतून अधिक कळते.

ग्रामीण महाराष्ट्रातील दोन निवडणुका याच संदर्भात पाहाव्या लागतात. माळशिरस तालुक्यातील तरंगफळ येथे २०१७ मध्ये ज्ञानेश्वर ऊर्फ माउली कांबळे सरपंचपदी निवडून आले. गावाने आपल्या परिचयातील माणसाला मत दिले. सिद्धान्ताची चर्चा तेथे झाली नाही. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे ठरले. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायत निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून तो निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय रद्द करून त्यांना निवडणूक लढवण्याची मुभा दिली.

या निकालाचे वाचन साहित्याच्या अभ्यासकानेही करावे असे आहे. प्रकरणाच्या शीर्षकात अर्जदाराचे नाव 'अंजली गुरू संजना जान' असे आहे. मराठी नावात जेथे पित्याचे वा पतीचे नाव येते, तेथे गुरूचे नाव आले आहे. हिजडा समाजाची गुरू-चेला परंपरा, जिला कोणत्याही वारसा कायद्याने नाते मानलेले नाही, ती उच्च न्यायालयाच्या अभिलेखात अशी नावापुरती का होईना दाखल झाली. एवढ्या एका ओळीत जे सांगितले गेले ते 'जोगवा'च्या पटकथेला सांगता आले नाही: जैविक घराबाहेरही घर असते आणि ते सोडणे म्हणजेच मुक्ती असे नाही.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. अर्जदाराने स्त्रीलिंग आता आयुष्यभरासाठी निवडले असून लाभाच्या मोहाने पुढे पुरुष म्हणून दावा केला जाणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. अपवाद ठेवला तो तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र आरक्षण मिळाल्यास. इतकी लेखी एकनिष्ठता स्त्री म्हणून जन्मलेल्या कोणत्याही उमेदवाराकडून मागितली जात नाही. न्यायालयाचा हेतू सहानुभूतीचा होता, यात शंका नाही. पण संशयाचे ओझे मात्र पुन्हा अर्जदारावरच पडले.

मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झाले. जेथे अर्जच नाकारला गेला होता, त्याच राखीव जागेवर भादलीच्या मतदारांनी अंजली पाटील यांना निवडून दिले.